मछलीच्या लेकी आणि आपला सह्याद्री

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात आहे. जानेवारी २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून हा प्रकल्प जाहीर झाला, तेव्हापासून इथे एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो: वाघ आहे का? कॅमेऱ्यात फोटो मिळाला की पेपरात मोठी बातमी, नाही मिळाला की वाघाविना व्याघ्र प्रकल्प म्हणून टीका. मला हा प्रश्न अपुरा वाटत आला आहे. वाघ आपल्याकडे येत होतेच. २०२२ मध्ये राधानगरी अभयारण्यात एक नर कॅमेऱ्यात टिपला गेला आणि पुढे तोच उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर सह्याद्री प्रकल्पात दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत आणखी एका नराची नोंद झाली. आता प्रकल्पातल्या तीन वाघांना सेनापती, सुभेदार, बाजी अशी नावं आहेत. तिघेही नर. इतकी वर्षं आपण विचारायला हवं होतं ते असं: वाघीण आहे का, आणि तिची लेक उद्या तिच्या शेजारच्या खोऱ्यात राहील का?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर एका वाघिणीचं घराणं तपशिलात वाचावं लागतं. त्यासाठी मी निवडलंय राजस्थानातल्या रणथंबोरच्या मछलीचं घराणं. वनखात्याच्या नोंदीत ती टी-१६. कोल्हापुरातून रणथंबोरला जाऊन आलेल्यांच्या मोबाईलमध्ये तळ्याकाठच्या वाघिणीचा फोटो हमखास असतो, आणि अनेकदा तो मछलीच्या लेकीचा, नातीचा किंवा पणतीचा असतो. एका जागेवर एका मादीची इतकी सलग वंशावळ नोंदली जाणं जंगलात क्वचित घडतं. म्हणून हे प्रकरण आपल्या कामाचं आहे.

तळ्याकाठची गादी

रणथंबोरच्या किल्ल्याच्या परिसरात तीन तळी आहेत: पदम तलाव, राजबाग आणि मलिक तलाव. उन्हाळ्यात सगळं जंगल करपून जातं तेव्हा सांबर, चितळ, रानडुकरं या पाण्यावर येतात. पदम तलावाच्या काठी जोगी महाल, राजबागेत जुन्या वास्तूंचे पडके अवशेष, भोवती उंच गवत. पिल्लं लपवायला आणि शिकार साधायला वाघिणीला याहून चांगली जागा त्या कोरड्या मुलखात सापडणं अवघड. १९९६-९७ च्या सुमारास जन्मलेली मछली इथेच मोठी झाली. तिच्या आईलाही मछलीच म्हणत. तोंडावर माशाच्या आकाराची खूण होती म्हणून आईला ते नाव मिळालं, आणि तशीच खूण घेऊन आलेल्या लेकीला ते लागू झालं. नावापाठोपाठ तळीही तिच्याकडे आली.

२००३ मध्ये तिने एका मोठ्या मगरीशी झुंज घेऊन तिला मारलं. त्या चित्रणाने मछली जगभर पोचली, आणि आजही तिचं नाव निघालं की पहिल्यांदा मगरच आठवते. माझ्या लेखी तिचं खरं काम वेगळं आहे. तिने एकूण ११ पिल्लांना जन्म दिला, आणि तेही कोणत्या काळात? २००२ ते २००५ च्या दरम्यान राजस्थानात चोरट्या शिकारींनी कहर केला होता. तिथल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले सगळे वाघ संपले, रणथंबोरलाही मोठा फटका बसला. त्या वर्षांत ही एक मादी पर्यटकांच्या, पहारेकऱ्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या नजरेसमोर पिल्लं वाढवत होती. तळ्यांवर सतत राबता असल्यामुळे शिकाऱ्याला तिथे शिरणं कठीण गेलं असावं, असं मला वाटतं. जंगलाच्या दूरच्या कोपऱ्यातल्या वाघिणींना ते संरक्षण नव्हतं.

२००६ च्या सुमारास तिला शेवटची तीन पिल्लं झाली. तिन्ही माद्या: टी-१७, टी-१८ आणि टी-१९. पुढची गोष्ट हळवी करून सांगण्यात अर्थ नाही. टी-१७, म्हणजे सुंदरी, मोठी झाली आणि तिने आईला तळ्यांवरून हुसकावलं. मछली कमी सोयीच्या भागात सरकली. काही वर्षांनी सुंदरी नाहीशी झाली आणि तळी तिची बहीण टी-१९, म्हणजे कृष्णा, हिच्याकडे आली. कृष्णाच्या २०१४ च्या पिल्लांतली ॲरोहेड, टी-८४, हिने पुढे तीच तळी घेतली. ॲरोहेडला मागे सारलं तिच्याच लेकीने, रिद्धीने, टी-१२४ ने. मछलीच्या आईपासून मोजलं तर एकाच पाण्यावर पाच पिढ्या झाल्या, आणि बहुतेक वेळा सत्तांतर आईशी किंवा बहिणीशी झगडून झालं.

मछलीचं म्हातारपण लांबलं. जंगलातला वाघ साधारण १० ते १५ वर्षं जगतो, ती १९-२० वर्षं जगली. सुळे पडले, एक डोळा गेला, शिकार जमेना. वनखात्याने तिला भक्ष्य पुरवायला सुरुवात केली. १८ ऑगस्ट २०१६ ला ती गेली आणि तिच्यावर अग्निसंस्कार झाले. भक्ष्य पुरवण्याच्या निर्णयाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण त्याचं दुसरं रूप तिच्या नातीच्या वेळी दिसलं.

लेकी जवळ, मुलगे लांब

आपल्याकडे लेक सासरी जाते आणि मुलगा घर धरून राहतो. वाघांत अगदी उलटं आहे. पिल्लं दीड ते दोन वर्षं आईबरोबर असतात. त्यानंतर मादी शक्यतो आईच्या हद्दीला लागून आपली हद्द आखते, कधी आईच्याच हद्दीचा तुकडा तोडून घेते. नराला मात्र निघावं लागतं. बापाच्या किंवा नव्या दांडग्या नराच्या हद्दीत तो टिकत नाही. नेपाळमधल्या चितवनपासून भारतातल्या अनेक जंगलांपर्यंत रेडिओ कॉलर लावून झालेल्या अभ्यासांनी हे वारंवार दाखवलं आहे.

मछलीच्या घराण्यातही हेच झालं. तिच्या पहिल्या पिल्लांतला ब्रोकन टेल नावाचा नर रणथंबोर सोडून कोट्याजवळच्या दर्रा नावाच्या जंगलापर्यंत गेला. २००३ मध्ये मुंबई-दिल्ली लोहमार्गावर रेल्वेखाली त्याचा अंत झाला. बहिणी मात्र तळ्यांच्या आसपास रुजल्या. आपल्या राज्यातलं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला तरुण नर सुमारे ३,००० किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 'वॉकर' म्हणून त्याचं कौतुक झालं. ज्ञानगंगेत त्याला खायला होतं, प्यायला होतं, जोडीला मादी नव्हती. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक नर धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीपर्यंत आला. तिथेही तेच.

या दोन्ही बातम्या वाचताना मला राधानगरी आठवत होती. राधानगरीचं जंगल छत्रपती शाहू महाराजांच्या काळापासून राखलेलं. १९५८ मध्ये दाजीपूरचं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. गवे टिकले, बिबटे टिकले, अधूनमधून कर्नाटक-गोव्याच्या बाजूने वाघही येत राहिला. येणारा नर होता म्हणून तो येत होता आणि थांबायला कारण नव्हतं म्हणून पुढे जात होता. गोव्याचं म्हादई अभयारण्य, कर्नाटकातलं भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्र प्रकल्प या बाजूला प्रजनन करणाऱ्या वाघिणी आहेत, पण वाघीण लेकीमार्फत एकेका हद्दीने सरकते. तिच्या वेगाने तिलारीपासून चांदोलीपर्यंत यायला किती पिढ्या लागतील? वाट धड राहिली तरच. मधे घाटरस्ते, बॉक्साइटच्या खाणी आणि धरणांची पाणलोट क्षेत्रं आहेत.

सरिस्कात काय झालं

रिकाम्या जंगलात वाघीण नेऊन सोडायचा प्रयोग देशात पहिल्यांदा मछलीच्याच लेकींवर झाला. २८ जून २००८ ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने रणथंबोरचा एक नर सरिस्कात नेला, ४ जुलैला एक वाघीण. सरिस्काच्या नोंदीत ही एसटी-२, मछलीची लेक. तिच्यामागोमाग फेब्रुवारी २००९ मध्ये दुसरी मादी गेली.

मग वाट पाहणं सुरू झालं. नोव्हेंबर २०१० मध्ये पहिला नर विषबाधेने मेला. पिल्लं होईनात. सरिस्काच्या गाभ्यात गावं होती, गुरं होती, मंदिरांकडे जाणारी वर्दळ होती. त्या ताणाचा वाघिणींच्या प्रजननावर परिणाम होतो आहे, असं अभ्यासकांनी मांडलं. दुसरा आक्षेप जास्त बोचरा होता: आणलेले पहिले वाघ एकमेकांचे जवळचे नातेवाईक निघाले. पुढचं स्थलांतर नातं तपासूनच करायचं, अशी भूमिका केंद्राला घ्यावी लागली. प्रयोग फसला असं म्हणणारे तेव्हा बरेच होते. २०१२ मध्ये एसटी-२ पिल्लांसह दिसली आणि हवा बदलली. पुढे तिच्या लेकींनाही पिल्लं झाली. जानेवारी २०२४ मध्ये ती गेली तेव्हा सरिस्कातले लोक तिला राजमाता म्हणत होते. आज तिथली वाघांची संख्या ४० च्या पुढे आहे.

या चार वर्षांच्या वाट पाहण्याकडे सह्याद्रीच्या संदर्भात सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. कोल्हापुरात आणि साताऱ्यात लोक सहा महिन्यांत पिल्लं कुठे विचारू लागतील. गर्भकाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचा असला, तरी नव्या मुलखात मादीला आधी हद्द ठरवावी लागते, नर ओळखावा लागतो, शिकारीच्या वाटा शिकाव्या लागतात. त्या काळात तिला शांतता देणं हे काम आहे, आणि ते काम बाहेरून रिकामं बसल्यासारखं दिसतं.

ॲरोहेडचं शेवटचं वर्ष

घराण्याचा गौरव सांगताना हा भाग गाळला जातो, म्हणून मी तो सविस्तर सांगतो. ॲरोहेडला हाडांचा कर्करोग झाला. शिकार जमेना, पिल्लं मात्र लहान होती. आजी मछलीच्या वेळचाच उपाय पुन्हा केला गेला: जिवंत भक्ष्य पुरवणं. फरक असा की मछली म्हातारी आणि एकटी होती, ॲरोहेडबरोबर वाढत्या वयाची पिल्लं होती. माणूस आला की खाणं येतं, ही शिकवण आईच्या अंगाखाली असतानाच त्यांना मिळाली, असा आक्षेप अनेक जाणकारांनी घेतला. एप्रिल २०२५ मध्ये रणथंबोर किल्ल्यातल्या त्रिनेत्र गणेशाच्या वाटेवर सात वर्षांच्या मुलाला वाघिणीने उचललं. मे महिन्यात जोगी महालाजवळ एका वनाधिकाऱ्याचा बळी गेला. संशय ॲरोहेडच्या कनकटी नावाच्या लेकीवर होता. १९ जून २०२५ ला कनकटीला मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पात हलवलं, आणि त्याच दिवशी ॲरोहेड मेली.

यात कुणाला खलनायक करणं मला पटत नाही. लाडकी वाघीण डोळ्यांसमोर उपाशी मरताना पाहणं अवघड आहे आणि पर्यटकांच्या मोबाईलमधून सारा देश ते पाहत असतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे: पिल्लं असलेल्या वाघिणीला अन्न पुरवायचं नाही. नाव दिलं, चाहते मिळाले, की हा निर्णय घेणं वनखात्याला जवळजवळ अशक्य होतं. सह्याद्रीतल्या वाघिणींना आपण नावं दिलीच आहेत, आणि कोल्हापूर ज्याच्यावर जीव लावतं त्याच्यासाठी रस्त्यावर उतरतं. हा मोह इथेही येणार.

घराण्याची दुसरी अडचण रक्तातली आहे. रणथंबोरच्या वाघांत मछलीचा वंश इतका पसरला की एका टप्प्यावर निम्म्याहून अधिक वाघ तिच्या रक्ताचे असल्याचं सांगितलं जात होतं. भोवती शेती, गावं, रस्ते. बाहेरचा नर येत नाही, आतला बाहेर जाऊन टिकत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात रणथंबोरच्या वाघांत आप्तसंकराचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजननाचं, प्रमाण जास्त आढळलं. एका समर्थ मादीचं यश बंद जागेत कोंडलं की काही पिढ्यांनी ते ओझं होऊ लागतं.

तारा, हिरकणी आणि शाहूवाडीतला प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून पहिली वाघीण चांदोलीत आली. तिकडे ती चंदा होती, इकडे तारा झाली. कोल्हापुरात हे नाव घेतल्यावर ताराराणी आठवणार नाही असा माणूस विरळा. आधी तिला कुंपणातल्या मोकळ्या जागेत ठेवलं, सह्याद्रीची हवा आणि भक्ष्य यांची ओळख झाल्यावर दार उघडलं. गळ्यात कॉलर आहे. डिसेंबरमध्ये दुसरी वाघीण आली, हिरकणी. आराखडा ताडोबा आणि पेंच मिळून एकूण ८ वाघ आणण्याचा आहे. त्याआधी सागरेश्वरमधून चितळ आणून चांदोलीत सोडले गेले, कारण सह्याद्रीच्या दाट, उतारावरच्या जंगलात गवा, सांबर, भेकर असले तरी वाघिणीला पिल्लं पोसायला सोपं भक्ष्य कमी पडतं.

या वाघिणींबद्दल सगळ्यात नेमका प्रश्न मला शाहूवाडी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर विचारला गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी तळ्याकाठच्या लेकींची गोष्ट सांगत होतो.

"आणली वाघीण, बरं झालं," ते म्हणाले. "पर पावणं, तिला पोरं झाली की ती कुठं जायाची, त्ये सांगा."

"मामा, लेकी आईच्या जवळपास राहतील. नर असला तर तो लांब जाईल. दक्षिणेला, राधानगरीकडं."

"म्हंजी आमचा वाडा त्या पोराच्या वाटंवर."

यावर मला एकच प्रामाणिक उत्तर देता आलं: हो. चांदोलीतून दक्षिणेला निघालेला तरुण नर विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आजरा-भुदरगड, चंदगड असा जाणार. या पट्ट्यातली बरीच राखीव जंगलं सरकारने संवर्धन राखीव क्षेत्रं म्हणून जाहीर केली आहेत. नकाशावर वाट दिसते. जमिनीवर तिला आंबा घाट, अणुस्कुरा, गगनबावडा, फोंडा असे घाटरस्ते कापतात, आणि पायथ्याला लागून ऊस आहे. ब्रोकन टेलला लोहमार्गावर जे भेटलं ते आपल्या नराला आंब्याच्या महामार्गावर रात्री भेटू शकतं. धनगरवाड्यावरची म्हैस मेली तर पंचनामा त्याच दिवशी झाला पाहिजे आणि पैसे हातात लवकर पडले पाहिजेत. विष घालण्याची वेळ माणसावर येते ती राग आल्यामुळे, आणि राग येतो तो महिनोन् महिने हेलपाटे घातल्यामुळे. चांदोलीच्या पुनर्वसितांनी आपल्या हक्कांसाठी या शहरात काढलेले मोर्चे कोल्हापूरने पाहिले आहेत. ज्या माणसांनी वाघासाठी गाव सोडलं, त्यांचे प्रश्न अर्धवट ठेवून वाघिणीचं स्वागत करता येणार नाही.

मला स्वतःला या प्रकरणातून सह्याद्रीसाठी तीन मागण्या दिसतात आणि त्यांचं वजन सारखं नाही. पर्यटनाची मागणी सगळ्यात हलकी. वाघिणीच्या ठिकाणाचे फोटो आणि कॉलरचे तपशील बाहेर येऊ नयेत, एवढं पाळलं तरी पुरे. त्याहून महत्त्वाची मागणी दक्षिणेच्या वाटेची: घाटरस्त्यांच्या रुंदीकरणात प्राण्यांसाठी भुयारी वाटा आराखड्यातच असाव्यात, रस्ता झाल्यावर आंदोलन करून त्या मिळत नाहीत.

तिसरी मागणी रक्ताची आहे आणि ती आजच करायला हवी, कारण पिल्लं झाल्यावर ती करून उपयोग नसतो. सरिस्कात नातं तपासायचं राहिलं आणि नंतर धावपळ झाली. सह्याद्रीत आलेल्या दोन्ही वाघिणी ताडोबाच्या आहेत. आपले नर कुठून आले, त्यांचं या माद्यांशी काही नातं आहे का, हे विष्ठेच्या नमुन्यांवरून तपासता येतं. ते तपासून निष्कर्ष कोल्हापूरच्या कार्यालयाने लोकांसमोर ठेवावेत. पुढच्या वाघिणी निवडताना त्यांतली निदान एक पेंचची, वेगळ्या आईची असावी, असा लेखी आग्रह इथल्या निसर्ग मंडळांनी पुढचं स्थलांतर ठरण्याआधी धरावा.